काळ्या लाकडातला शेवगा

डॉक्टरबाई माणसाचा चेहरा पाहत नसत, दात पाहत. नाव, गाव, हुद्दा ही माहिती त्यांच्या लेखी दुय्यम होती. वॉटरफोर्डमधल्या आमच्या वसाहतीत, दोन घरांमधल्या कमरेएवढ्या कुंपणापलीकडून त्यांनी मला प्रथम पाहिले तेव्हा मी चहात बुडवून बिस्किट खात होतो. मी रीतसर परिचय दिला: सार्वजनिक बांधकाम खात्यातला निवृत्त कार्यकारी अभियंता, उभी हयात पूल बांधण्यात गेली, राहणार साताऱ्याचा, मुलगी मेधा इथल्या मोठ्या रुग्णालयात डॉक्टर, तिच्याकडे चार दिवस राहायला म्हणून आलो आणि विमाने बंद झाल्यामुळे अडकलो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "डाव्या बाजूनं चावता तुम्ही. उजवीकडची खालची दाढ दुखते, आणि हे तुम्ही मुलीला सांगितलेलं नाही."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी दोन्ही नाकारल्या.

हे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे, की बाई गेल्यावर इथल्या मराठी मंडळींनी संगणकाच्या पडद्यावर जी शोकसभा घेतली, तीत त्यांचे वर्णन 'मृदुभाषी, प्रेमळ आजी' असे करण्यात आले. मृदुभाषी! ज्या स्त्रीने सांगलीत तीन पिढ्यांना तोंड उघडायला आणि उघडे ठेवायला लावले, ती मृदुभाषी असती तर तो दवाखाना आठवडाभरही चालला नसता. पण हे मी सोडून दिले असते. पुढे रिंगास्किडीच्या औषध कारखान्यातले एक गृहस्थ म्हणाले, की बाईंनी नातीसाठी केलेली ती प्रसिद्ध लाकडी पेटी म्हणजे लॉकडाउनमधला टाइमपास होता, आणि तिच्यावर जडवलेली पाने बाईंच्या मुलाने कंपनीतल्या लेझरवर कापून दिली होती. तेही मी गिळले असते. अखेरीस सँट्रीहून सभेचे संचालन करणारा तरुण म्हणाला, "लास्टला काकूंचे हात चालत नव्हते, तेव्हा शेजारच्या काकांनी ती पेटी कम्प्लीट केली. काका आज आपल्यात आहेत."

ते शेजारचे काका म्हणजे मी. मी तत्काळ आक्षेप घेतला आणि सविस्तर बोललो. मंडळी गंभीरपणे माझ्याकडे पाहत राहिली. मग कोणीतरी म्हणाले, "काका, म्यूट आहात तुम्ही." ते बटण मला सापडेपर्यंत संचालकाने "काका इमोशनल झालेत" असे जाहीर करून टाकले, आणि सगळे श्रद्धांजलीसाठी स्तब्ध उभे राहिले. मी इमोशनल झालो नव्हतो. मी हरकत घेत होतो. ती हरकत येथे, बाईंचा मुलगा निखिल याच्या संमतीने, नोंदवीत आहे.

टाइमपास या शब्दापासून सुरुवात करतो. बाई त्या काळी कधी रिकाम्या बसल्याचे मला स्मरत नाही. पहिल्या टाळेबंदीत सत्तरी ओलांडलेल्यांनी कोशात राहावे, म्हणजे घराबाहेर पडूच नये, असा इथल्या सरकारचा आदेश होता. त्यावर बाई म्हणाल्या, "कोशात? रेशीम काढणार आहेत की काय आपल्यातनं?" आणि निखिलच्या परसातले लाकडी खोपटे त्यांनी झाडून घेतले. दवाखाना बंद करून सांगलीहून मुलाकडे येताना त्यांनी साड्या मोजक्या आणल्या होत्या. पण दात कोरण्याची, खरवडण्याची, दाबण्याची हत्यारे कापडात गुंडाळून सबंध आणली होती. त्या हत्यारांनी त्या लाकडावर काम करीत. लाकडाचे शिक्षण कुठे घेतले, असे मी विचारले. "खड्डा तो खड्डा," त्या म्हणाल्या. "स्वच्छ कोरायचा, बेताचा भरायचा, आणि जिभेला कळता कामा नये. इथं बोटाला. एवढाच फरक."

पेटीचा बेत मात्र नातीमुळे ठरला. ईराचा खालचा पहिला दात त्या उन्हाळ्यात जेमतेम डुगडुगू लागला होता. इथल्या शाळेत मुलांना सांगतात, की पडलेला दात उशीखाली ठेवला म्हणजे परी येऊन घेऊन जाते. ईराने ते आजीला सांगितले, आणि आयुष्यभर दात काढणाऱ्या त्या बाईंना ते अजिबात मानवले नाही. "आमच्या घरचा दात कोणी न्यायचा नाही," त्यांनी कुंपणाजवळ उभे राहून मला सुनावले, जणू परीला मीच बोलावले होते. "मी पेटी करीन. दात पडायच्या आत करीन. माझ्या हातांनी." शेवटच्या तीन शब्दांवर त्यांनी जो भार दिला, त्याचा अर्थ मला नंतर कळला.

तो असा. बाई चहाचा कप अर्धाच भरीत. प्रथम मला ते काटकसरीचे वाटले; मग ध्यानात आले, की भरलेला कप त्यांच्या हातात हिंदकळे. मी पाहिले हे त्यांनी पाहिले. "विचारा, पूलवाले," त्या म्हणाल्या. मला त्या सदैव याच नावाने हाक मारीत. हुद्द्यासकट नाव सांगूनही. मी विचारले. तेव्हा त्यांनी सांगितले, की एका सकाळी रुग्णाच्या तोंडात हत्यार असताना त्यांचा हात एकदाच, केसभर, आपणहून हलला. "इजा झाली नाही. त्याला कळलंसुद्धा नाही. मला कळलं." ते काम पूर्ण करून त्यांनी बाहेरच्या रुग्णांना दुसऱ्या दवाखान्याचा पत्ता दिला आणि पाटी उतरवली. आजीने नातवंडाच्या ओढीने दवाखाना सोडला, असे सभेत सांगितले गेले. नातीवर त्यांचे प्रेम अपार होते. पण दवाखाना त्यांनी त्या केसभर हलण्यापायी सोडला. अशी सचोटी मी माझ्या खात्यात क्वचितच पाहिली. जिथे पूल हलले तरी लोक खुर्च्या सोडीत नसत, तिथला मी माणूस.

हा थरथरीचा आजार वाढत जाणारा होता. औषधे चालू होती. डॉक्टर असल्यामुळे त्यांना स्वतःची फसवणूक करण्याची सोय नव्हती. "ईराचा दात हलतोय आणि माझा हात हलतोय," त्या म्हणाल्या. "आधी कोण हरतं ते बघायचं."

लाकूड दिले आमच्या मागच्या घरातल्या डोनल नावाच्या म्हाताऱ्याने. इथल्या दलदलीत हजारो वर्षे गाडली गेलेली ओकची झाडे कधीकधी वर येतात. त्यांचे लाकूड कोळशासारखे काळे आणि शिंगासारखे कठीण होते. डोनलच्या वडिलांनी काढलेल्या अशा एका बुंध्याचे दोन तुकडे त्याने जपून ठेवले होते, ते त्याने कुंपणावर आणून ठेवले. त्यातून झाकण करायचे ठरले. पेटीच्या बाजू फिकट, साध्या लाकडाच्या, कोपऱ्यांवर बोटांत बोटे गुंतवावीत तशा एकमेकींत बसवलेल्या. आणि काळ्या झाकणात जडवायला हॉली नावाच्या झाडाचे पांढरे लाकूड. त्याची पातळ चकती बाईंनी उजेडात धरली आणि दातांच्या रंगांची आपली पट्टी तिच्याशेजारी लावून पाहिली. "ए-टू," त्या समाधानाने म्हणाल्या. "अर्ध्या सांगलीचा रंग हाच."

झाकणावर काय काढायचे याविषयी त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. सांगलीच्या दवाखान्याच्या खिडकीबाहेर शेवग्याचे झाड होते. इंजेक्शन देताना बाई रुग्णाला सांगत, "त्या फांदीची पानं मोजा." शेवग्याची पाने कोण मोजून पुरी करणार? मोजणी चुके तोवर सुई आत जाऊन बाहेरही आलेली असे. "साऱ्या गावानं ते झाड निवांत पाहिलं," त्या म्हणाल्या. "मी मात्र त्याला पाठ करून उभी. मला दिसायचं ते तोंडात घालायच्या आरशात, एखादं पान, तेही उलटं." म्हणून खुर्चीत मान मागे टाकून बसलेल्या माणसाला दिसावी तशी, वरून खाली झुकलेली शेवग्याची एक डहाळी त्यांनी कागदावर काढली. डोनलने ती पाहून "रोवन!" असे म्हटले, ते इथले एक डोंगरी झाड. बाईंनी "नो. शेवगा," असे सांगितले. "ग्रँड," डोनल म्हणाला आणि वाद संपला. आमच्या मंडळींनी मात्र शोकसभेत ती डहाळी पुन्हा रोवनचीच केली आणि पेटीला 'दोन देशांमधला सेतू' म्हटले. सेतू हा शब्द लोकांनी जपून वापरावा. मी काही बांधले आहेत. तो शेवगा आहे.

बाईंचे काम पाहणे हा माझा नित्यक्रम झाला. खोपट्याचे दार उघडे. आत त्या, बाहेर अंतर राखून खुर्चीवर मी, बहुधा छत्री धरून. प्रत्येक पान पांढऱ्या चकतीतून बारीक करवतीने कापायचे, काळ्या लाकडावर ठेवून त्याच्या कडेने सुरीचे टोक फिरवायचे, आणि तेवढाच खळगा कोरायचा: तळ सपाट, भिंती किंचित कलत्या, म्हणजे पान दाबले की आवळत जाईल. मग त्या खळग्यात दंतवैद्यांचा निळा कागद ठेवून वर पान दाबीत. जिथे उंचवटा असेल तिथे निळा ठिपका उमटे. तेवढाच खरवडायचा, पुन्हा कागद, पुन्हा दाब. आपणा सर्वांना खुर्चीत बसून हा प्रश्न ऐकण्याचा अनुभव आहे: "चावा. उंच लागतंय का?" तोच प्रश्न त्या पानाला विचारीत. मलाही विचारीत. राजकारणावर, पाककृतींवर, पुण्याच्या रस्त्यांवर मी एखादे ठाम मत मांडले, की त्या मान वर न करता म्हणत, "पूलवाले, उंच लागतंय. जरा घासा." माझ्या आयुष्यात माझ्या मतांना कोणी हात लावून सुखरूप गेलेले नाही. बाई रोज लावीत.

पहिले झाकण मात्र फुकट गेले, आणि ती चूक एखाद्या सुताराने कधीच केली नसती. दात भरण्याआधी खड्डा पाण्याने धुऊन कोरडा करायचा, ही बाईंच्या हाताची सवय. पहिल्या पानांचे खळगे कोरून झाल्यावर त्यांनी पिचकारीने ते स्वच्छ धुतले, कापसाने टिपले, आणि सरस लावून पाने बसवली. हजारो वर्षे पाण्यात राहून कसेबसे वाळलेले ते लाकूड पुन्हा पाणी प्याले. सकाळी पाहतो तो झाकण पन्हळीसारखे वाकलेले आणि मधोमध उभे चिरलेले. निखिल हळहळला, मी तर संतापलो, कुणावर ते मला ठरवता आले नाही. बाई चिरेकडे पाहत हसू लागल्या. "अहो, धुतल्याशिवाय भरायचं कसं? हात ऐकतच नाहीत माझे." मग हसणे थांबले. दुसरे वाक्य त्यांना स्वतःलाच ऐकू आले असावे. डोनलकडचा दुसरा तुकडा शेवटचा होता. आणि दरम्यान कप अर्ध्याहूनही कमी भरू लागला होता.

लेझरची गोष्ट इथलीच. आईचा चेहरा पाहून निखिल म्हणाला, "आई, ऐक ना. आमच्या प्लांटमध्ये लेझर आहे. ड्रॉइंग दे फक्त, लंच ब्रेकमध्ये सगळी पानं कापून आणतो. एकदम परफेक्ट."

"आण की," बाई म्हणाल्या. "तुझ्या लग्नात अक्षता टाकायलाही मशीनच पाठवायला हवं होतं मी. माझा नेम चुकत होता."

"आई, यार, तू पण ना!"

तरी हट्टाने त्याने एक पान कापून आणले. एकच. बाईंनी ते चिमट्यात धरून भिंगाखाली नेले. "कड जळलीय," त्या म्हणाल्या. "याचं आता रूट कॅनालच करावं लागेल." ते पान त्यांनी भुशात टाकले आणि आपली करवत उचलली. रिंगास्किडीच्या गृहस्थांची सारी माहिती त्या एका भुशातल्या पानावर उभी आहे.

दुसऱ्या झाकणाच्या कामात बाईंचा सारा हिवाळा गेला. एक पान बसले की पुढल्यासाठी त्यांना अधिक वेळ लागे. दंतवैद्य हत्यार कधी अधांतरी धरीत नाहीत. अनामिका शेजारच्या दातावर टेकवतात आणि त्या आधारावर हात चालवतात. "आधी टेकू, मग हत्यार," हे बाईंचे वाक्य मी इतक्यांदा ऐकले, की माझ्या खात्यातल्या तरुणांना ते कधी सांगता आले नाही याची मला आजही चुटपुट लागते. लाकडावर त्या तशीच अनामिका टेकवीत. पण कंप वाढला तसे ते बोट गुळगुळीत काळ्या पृष्ठावरून घसरू लागले. त्यांनी खाली कापड घालून पाहिले, वाळूची पिशवी ठेवून पाहिली, मनगट बाकाला बांधूनही पाहिले. डहाळीच्या टोकाची, सर्वांत बारीक पाने तेवढी उरली होती. एका सकाळी मी पाहिले, त्यांनी हत्यार खाली ठेवले होते आणि त्या दोन्ही हात मांडीवर घेऊन, एखाद्या खोडकर पोराकडे पाहावे तशा, त्यांच्याकडे पाहत बसल्या होत्या.

"राहू द्या ना तेवढी," मी म्हणालो. "डहाळी पुरी दिसते आहे."

"अर्धा भरलेला दात दिसतो पुरा," त्या म्हणाल्या. त्यांनी अनामिका पुन्हा झाकणावर टेकवून पाहिली, ती घसरली. मग त्या म्हणाल्या, "लाकूड उत्तर देत नाही, पूलवाले. जबडा देतो. त्याच्यावर बोट टेकवलं की तो किंचित लवतो, हाताला सांभाळून घेतो. मला जिवंत टेकू हवाय." त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले. बहुधा दातांखेरीज माझे काहीतरी त्यांनी प्रथमच पाहिले असावे. "तुमची मूठ द्याल?"

मेधाला हे सांगताच ती उसळली. "बाबा, मी रोज कोविड वॉर्डातून घरी येते. माझी लस झालीय, तुमची दोघांची व्हायचीय. आणि तुम्ही त्यांच्या हातात हात देणार?"

"हात नव्हे. मूठ."

"बाबा!"

शेवटी दोन्ही डॉक्टर कुंपणापाशी काही वेळ हलक्या आवाजात बोलल्या. मेधा परतली तेव्हा तिचे डोळे ओले होते, पण तिने ते कबूल केले नाही. ती माझीच मुलगी आहे. तिने अटी घातल्या: दोघांनी दुहेरी मास्क लावायचे, दार-खिडकी सताड उघडी, काम थोडा वेळच, आणि बोलायचे नाही. "एक अक्षर नाही, बाबा. बोलताना तुम्ही ओरडता."

म्हणून जे घडले ते मौनात घडले. मी झाकणाच्या कडेवर मूठ टेकवून बसे. बाई तिच्यावर अनामिका आणि करंगळी ठेवीत, हत्यार उचलीत, आणि वाट पाहत. त्यांचा कंप माझ्या बोटांच्या पेरांतून मनगटात, मनगटातून कोपरात उतरताना मला स्पष्ट जाणवे. मी पुलांच्या खांबांमधून गाड्यांचे हादरे जमिनीत जाताना मोजले आहेत. ते यंत्रांनी मोजले, हे हाडांनी. हळूहळू तो माझ्यात मुरून जाई, आणि मग एक क्षण असा येई, की माझा कोपर थरथरतो आहे आणि त्यांच्या हत्याराचे टोक मात्र संपूर्ण स्थिर आहे. त्या क्षणी त्या कापीत. एकच बारीक, काळी, केसासारखी साल वर येई. पुन्हा वाट. मास्कवर त्यांचे डोळे होते, आणि ते माझ्याकडे नव्हते; लाकडाकडेही नसावेत. सांगलीच्या त्या खिडकीत उभ्या असलेल्या, कधीही हात न हललेल्या डॉक्टर त्या वेळी मला दिसल्या. समोर बसून मी श्वास जपून घेत होतो. देवळात मी फारसा जात नाही. पण तिथे माणसे गप्प का होतात, हे मला त्या खोपट्यात समजले.

मी काही कापले नाही. करवत धरली नाही, पटाशी धरली नाही, पान उचलले नाही, सरसाची बाटलीसुद्धा उघडली नाही. पुलाखालच्या खांबाने पूल बांधला, असे कोणी म्हणू लागला तर त्याला मी माझ्या खात्यात चौकीदारही नेमला नसता. मला माझ्या वाटणीचा मान हवा असतो आणि तो मी भांडून घेतो, हे सर्वश्रुत आहे. इथे माझा मान एवढाच, की मी हललो नाही. तो मला पुरतो. त्याहून अधिक जो मला देऊ करतो, तो बाईंच्या हातांतून काढून देतो, आणि ते मी घेणार नाही.

शेवटचे पान बसले त्या दिवशी त्यांनी निळा कागद घातला, पान दाबले, उचलले. ठिपका नव्हता. त्यांनी मास्कच्या आडून मला भुवया उंचावून विचारले. बोलण्यास बंदी होती. मी मान हलवली: नाही, उंच लागत नाही.

ईराचा दात त्यानंतर पडला, पण पॉलिश होण्याआधी पडला. ती मुठीत घेऊन धावत आली. "आजी, इट्स आउट! इट डिडन्ट ईव्हन हर्ट!" बाईंनी नातीचे कौतुक करण्याआधी दात भिंगाखाली नेला. "मूळ किती सुंदर विरघळलंय बघा, पूलवाले!" त्या मला हाक मारून म्हणाल्या. मी चष्मा लावून ते सौंदर्य पाहिले. पेटी वेळेत झाली नाही, असे मी मुद्दाम म्हटले. त्यांना डिवचल्याशिवाय मला करमत नसे. "पेटी झाली होती," त्या म्हणाल्या. "फक्त तोंड धुवायचं राहिलं होतं. आणि धुण्याचं काय होतं ते आपण पाहिलंय." दात स्टीलच्या वाटीत, स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे इथे कपाटाला म्हणतात त्यात, वाट पाहत राहिला.

पॉलिशला कोणाचीच मूठ लागली नाही. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाभोवती मऊ कापडाची पुरचुंडी बांधायची, आणि इवल्या इवल्या वर्तुळांत फिरवत राहायचे. पूर्वी कवळीचा साचा याच लाखेवर घेत असू, असे त्या म्हणाल्या. "या कामाला थरथर चालते. उलट मदतच होते तिची!" दिवसेंदिवस ते काळे लाकूड खोल होत गेले, विहिरीसारखे, आणि त्यात ती पांढरी डहाळी वरून झुकलेली. झाकण उघडल्याशिवाय कितीतरी वेळ नुसते पाहत बसावे असे.

विमाने सुरू झाल्यावर बाई सांगलीला परतल्या; मी मेधाकडेच राहिलो. त्यांचे घर तिथे होते, दवाखान्याच्या खिडकीबाहेरचे झाडही. निघताना कुंपणाजवळ त्या मला म्हणाल्या, "दाढ काढून घ्या. आणि मुलीला सांगून." दुसरे काही बोलणे झाले नाही, आम्ही दोघेही निरोपाच्या बाबतीत नालायक होतो. पावसाळा उलटल्यावर निखिलकडून कळले, की बाई गेल्या, घरीच, झोपेत.

दाढ मी काढून घेतली आहे. मुलीला सांगून.

शोकसभेनंतर मी निखिलकडे गेलो आणि पेटी पाहायला मागितली. ईराने ती दोन्ही हातांनी आणली. आत दात वाजला. सभेत म्हणाले, की शेवटची पाने दुसऱ्या हाताची आहेत. ठीक. माझ्या मुठीवर झालेली पाने टोकाकडची होती, एवढे मला आठवत होते. तिथून मी सुरुवात केली. चष्मा लावून पाहिले, काढून पाहिले, खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात पाहिले. मग डोळे मिटून अनामिका डहाळीच्या बुडापासून शेंड्यापर्यंत नेली आणि परत आणली. कोणते पान पहिल्या दिवसांतले, कोणते शेवटच्या, कुठे त्यांच्या बोटाखाली लाकूड होते आणि कुठून मी, ते मला, प्रत्यक्ष त्या मुठीच्या मालकाला, सांगता आले नाही.

ज्यांचे म्हणणे वेगळे आहे त्यांनी यावे आणि बोट फिरवून दाखवावे. कुठेही उंच लागत नाही, बाई. कुठेही नाही.